तीच पद्धत, मग आता पैसे का जायलेत?

प्रश्न: नमस्कार ताई, मी खानापूर तालुक्यातला, बेळगावात उद्यमबागला एका कारखान्यात कामाला आहे. २०२३ पासून स्विंग ट्रेडिंग करतो, म्हणजे शेअर घेऊन काही दिवसांत विकतो. चांगला शेअर २० दिवसांच्या ॲव्हरेजजवळ (मागच्या २० दिवसांच्या भावाची सरासरी) खाली आला की घ्यायचा आणि उसळला की विकायचा, एवढीच पद्धत. दीड वर्ष मस्त चाललं बघा. सप्टेंबर २०२४ नंतर तेच करालोय तर स्टॉपलॉसवर स्टॉपलॉस (तोटा आवरायला आधीच ठरवलेला विक्रीचा भाव) लागायलेत, मधे परत थोडं चाललं पण आता भरवसाच राहिला नाही. पद्धत सोडू का? आणि बाजार बदलला हे आधी कळायला काय बघायचं, तेवढं सांगा की.

उत्तर: तुमची पद्धत चढत्या बाजाराची आहे हो. एप्रिल २०२३ ला १७ हजारांच्या आसपास असलेला निफ्टी (५० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) २७ सप्टेंबर २०२४ ला २६,२७७ पर्यंत गेला, अशा दिवसांत खाली आलेलं घेणाऱ्याला बाजार स्वतःच उचलून धरतो. त्यानंतर ऑक्टोबर ते फेब्रुवारी सलग ५ महिने निफ्टी खाली बंद झाला, मार्च २०२५ च्या सुरुवातीला २२ हजारांच्याही खाली जाऊन आला. अशा बाजारात २० दिवसांचं ॲव्हरेज आधार देत नाही, उलट भाव तिथपर्यंत चढतो आणि तिथनंच परत खाली ढकलला जातो. म्हणजे तुम्ही घेत होता त्याच जागेला दुसरे विकत होते.

आता "आधी" कसं कळायचं? आधी कुणालाच कळत नाही, मलाही नाही. बदल झाल्यावर काही आठवड्यांत ओळखता येतो आणि माझ्या मते तेवढं पुरतं. मी पहिल्यांदा बघते ती उसळी कुठं थांबते ते. मागचा उच्चांक न गाठताच भाव वळायला लागला, आणि पुढची उसळी त्याहून खाली थांबली, की मी सावध. दुसरं, चांगल्या बातमीला बाजार काय करतो. कंपनीचा निकाल चांगला आला, सकाळी शेअर वर उघडला आणि दुपारपर्यंत सगळं देऊन बसला, असं आठवड्यात चार-पाच शेअरमध्ये दिसलं तर कुणीतरी मोठा विकायलाय. ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशी संस्थांनी ९० हजार कोटींहून जास्त विक्री केली, ती रोजच्या आकड्यांत दिसतच होती. तिसरं म्हणजे निफ्टी टिकलाय पण तुमच्या यादीतले निम्मे शेअर २०० दिवसांच्या ॲव्हरेजखाली गेलेत का, हे रविवारी वहीत मोजायचं, अर्धा तास लागतो.

इंडिया व्हिक्स, म्हणजे बाजार किती हलेल याचा अंदाज देणारा आकडा, त्या एकट्यावर मात्र विसंबू नका. व्हिक्सला १६ नं भागलं की बाजार रोज साधारण किती टक्के हलेल असं ऑप्शनवाल्यांना (पुढच्या भावावरचे करार घेणाऱ्या-विकणाऱ्यांना) वाटतंय ते कळतं, १६ असला तर १ टक्का, ३२ असला तर २ टक्के. मार्च २०२० ला तो ८० च्या वर गेला होता, आणि २३ तारखेला निफ्टी एका दिवसात जवळजवळ १३ टक्के पडला. तशी पडझड आंधळ्यालाही दिसते. पण २०२४ च्या शेवटची पडझड हळूहळू झाली, व्हिक्स फारसा ओरडलाच नाही, म्हणून पुष्कळ जण त्यात सापडले.

आणखी एक, खुणा फसवतात. नोव्हेंबर २०२४ च्या मध्यात निफ्टी २०० दिवसांच्या ॲव्हरेजखाली गेला, महिनाअखेरीला परत वर आला, डिसेंबरच्या सुरुवातीला लोक म्हणाले झालं, सुटलो, आणि डिसेंबर संपायच्या आत परत खाली. एका खुणेवर सगळं पालटणाऱ्याला दोन्हीकडनं मार बसला.

म्हणून माझं म्हणणं असं की पद्धत सोडायच्या आधी क्वांटिटी, म्हणजे एका वेळी घ्यायचे शेअर, कमी करा. समजा भांडवल २ लाख, एका सौद्यात १ टक्का म्हणजे २ हजार रुपये घालवायची तयारी. स्टॉपलॉस २० रुपये लांब असेल तर १०० शेअर. शेअर दुप्पट हलायला लागला, स्टॉपलॉस ४० रुपयांवर न्यायला लागला, तर ५० शेअरच. हे एवढं जरी पाळलं तरी अशा सौद्यातला तोटा ४ हजारांवर न जाता २ हजारांवरच थांबतो. आपल्याकडं भाताची धूळवाफ पेरणी करतात ना, पाऊस येईल या भरवशावर, पण घरातलं सगळं बियाणं कुणी एका दिवशी कोरड्या मातीत टाकत नाही, दुबार पेरणीला ठेवतातच.

आणि सौद्यांची वही ठेवा. १०० मध्ये ५५ वेळा जिंकणाऱ्या चांगल्या पद्धतीतही शंभर सौद्यांत कधीतरी सलग ५ तोटे येण्याचीच शक्यता जास्त, त्यावरनं घाबरू नका. सलग ८ आले तर मात्र थांबायचं, ते नुसत्या नशिबानं क्वचितच होतं. परत कधी सुरू करायचं? निफ्टीचा भाव २०० दिवसांच्या ॲव्हरेजच्या वर, तळ आधीच्या तळापेक्षा वर, आणि यादीतले निम्म्याहून जास्त शेअर सुधारलेले, तिन्ही दिसल्यावर निम्म्या क्वांटिटीनं. सुरुवातीची थोडी कमाई हुकेल, हुकू दे.

प्रश्न: ताई, मी निपाणीची. माझा मुलगा टेलिग्रामवरच्या एकाचं ऐकून ऑप्शन करतोय, तो माणूस म्हणे बाजार फिरायच्या आधीच सांगतो. माझ्या पिग्मीचे पैसे मागालाय. देऊ का?

उत्तर: नाही, देऊ नका. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ ला आकडे दिलेत, तीन आर्थिक वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या १ कोटीहून जास्त लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. मुलाला रागावू नका, त्याला त्या माणसाचा सेबी नोंदणी क्रमांक मागायला सांगा आणि सेबीच्या यादीत स्वतः शोधून बघायला लावा. तोपर्यंत पिग्मीचं पुस्तक तुमच्याजवळच ठेवा.