कलमाला थंडी ‘कळते’ म्हणजे नेमके काय होते?

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. रात्री गारठू लागल्या की वडील म्हणतात, “कलमांना कळलं, आता मोहोर धरेल.” माहिती हाच सजीवांचा पाया आहे, असे हल्ली वाचनात येते. मग झाडाला खरोखर जाणीव असते का? आणि समाजालाही ती असते, असे म्हणता येईल का? – एक वाचक

उत्तर : आपल्या वडिलांच्या ‘कळलं’ या एका क्रियापदात दोन निराळ्या गोष्टी आहेत : बातमी पोहोचणे आणि ती जाणवणे.

अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहितीचे गणित मांडले, तेव्हा संदेशाचा अर्थ बाजूला ठेवून, त्याने किती शक्यता बाद होतात एवढेच मोजले. पावसाळ्यानंतर फांदीच्या टोकावरील डोळ्यापुढे (कोंबापुढे) पालवी किंवा मोहोर अशा दोन वाटा असतात. थंड रात्रींमुळे जून झालेल्या पानांत तयार होणारा संदेश अन्नरसाबरोबर डोळ्यापर्यंत येतो आणि त्याला मोहोराकडे वळवतो, तर जिबरेलिन हे संप्रेरक त्याला पालवीकडे ओढते. मोहोर यावा म्हणून कल्टार हे औषध घालताना आपण झाडाला खत देत नसतो. त्यातील पॅक्लोब्युट्राझोल जिबरेलिन तयार होण्यातच अडथळा आणते, म्हणजे आपण एक निरोप वाटेत अडवत असतो. (तो दरवर्षी आणि प्रमाणाबाहेर अडवल्यास झाड थकते, हे बागायतदारांना सांगायला नको.)

आता बागेत एक गोष्ट पाहावी. एकाच कलमाची एक बाजू मोहोराने भरलेली आणि दुसरी तांबूस पालवीने झाकलेली पुष्कळदा दिसते. झाडात एकच ‘मी’ बसून निर्णय घेत असता, तर असे दृश्य समजावून सांगणे अवघड गेले असते. प्रत्यक्षात फांद्या बऱ्याच अंशी आपापला निकाल लावतात. झाडाला ना चेतापेशी आहेत, ना मेंदू, त्यामुळे त्याला थंडी ‘वाजते’ असे मानण्यास आज पुरावा नाही. माणसाच्या मेंदूतही माहितीच्या प्रक्रियेसोबत अनुभव का उमटतो, हा तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांनी १९९५ मध्ये नेमकेपणाने मांडलेला प्रश्न सुटलेला नाही. मेंदूशास्त्रज्ञ ज्युलिओ टोनोनी यांच्या मते एकसंध गुंफलेली माहिती म्हणजेच जाणीव, परंतु यावर शास्त्रज्ञांत तीव्र मतभेद आहेत.

समाजाकडे वळू. रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पुकारला जातो, तेव्हा किती होड्या भरून आल्या, बाजारात मागणी काय आहे, बर्फ पुरेल का, हे सगळे एका आकड्यात उतरते, जरी तेथील कोणाही एकाला ते संपूर्ण ठाऊक नसते. इथवर बाजार कलमासारखाच वागतो. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटण्याच्या रूढीतही पिढ्यांचा अनुभव साठलेला आहे : खवळलेल्या दर्यात जीव वाचतो आणि त्याच काळात अंडी घालणाऱ्या अनेक जातींच्या माशांनाही उसंत मिळते. जनुकांप्रमाणेच रूढी काय करायचे ते जपते, कारण मात्र सोबत ठेवतेच असे नाही.

सरकारी मासेमारी बंदीचे स्वरूप वेगळे आहे. १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित नौकांना समुद्रात जाता येत नाही, बिगरयांत्रिक होड्यांना मात्र सूट आहे, आणि या तारखा बदलाव्यात की नाहीत यावर मच्छीमार वाद घालतात. कारण विचारणे, ते पटले नाही तर नियम बदलायला लावणे, हे ज्यांना उपासमार आणि भीती जाणवते अशी माणसेच करू शकतात. म्हणून समाजाकडे माहिती आहे, स्मृतीही आहे, पण माणसांपलीकडे त्याची स्वतंत्र जाणीव आहे, असे मला वाटत नाही. ‘समाजाला हे सहन होणार नाही’ असे कोणी म्हणाले, तर नेमके कोणाला, असे विचारण्याची मुभा त्यामुळेच उरते.