आजचा ओमर आज

प्रिय पोरी,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर व्हरांड्यात तू मला वहीचं ते पान दाखवलंस. नोकरी गेली तो महिना, बाबांच्या आठवड्यातून तीनदा होणाऱ्या डायलिसिसचा खर्च, उरलेली शिल्लक आणि मार्चखाली लाल पेनाने ओढलेली रेघ. "याच्यापुढे देव काय करणार आहे, तेवढं सांगा," म्हणालीस. मला तिथे बोलता आलं नाही. ती लाल रेघ तीन दिवस डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

संडे स्कूलमध्ये तू तांबड्या समुद्राचं चित्र रंगवलं असशील, मिसरच्या गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक मोशेमागे तो ओलांडताना. आपण सगळे तिथेच रेंगाळतो. रात्रभर पूर्वेचा वारा सुटला, पाणी दुभंगलं, पलीकडे मोशेच्या बहिणीने, मिर्यामने, डफ घेतला. पण समुद्र एका रात्रीत पार झाला. खरी कसोटी पुढे सीनच्या रानात लागली, मिसर सोडून जेमतेम महिना झाला होता तेव्हा, आणि ती रोजच्या जेवणाची होती.

बायबलातल्या निर्गमचा 16वा अध्याय आज पुन्हा वाच. दव उडालं की जमिनीवर धण्यासारखं पांढरं काहीतरी पडलेलं असे, खायचं. तोच मान्ना. माणशी एक ओमर उचलायचा, आपल्या मापाने दोनेक लिटर. ऊन चढलं की उरलेलं वितळून जाई. सकाळपर्यंत काही ठेवू नका, असं मोशेने बजावलं होतं. काहींनी तरी ठेवलं. त्यात किडे पडले, घाण सुटली. त्या लोकांना मी कधी नावं ठेवली नाहीत. पिढ्यान् पिढ्या मिसरच्या राजाच्या, फारोच्या, विटा पाडलेली ती माणसं. तंबूत पोरं, बाहेर वाळवंट. मूठभर लपवून ठेवावं असं कुणालाही वाटेल.

मला वाटलं होतं. 1998 साली माझ्या धाकट्या भावाला बायकोच्या ऑपरेशनसाठी चाळीस हजार हवे होते. माझ्याकडे होते, एका पतसंस्थेत. उद्या माझ्यावरच वेळ आली तर, या भीतीने मी त्याला सांगितलं, "पैसे अडकलेत." त्याने बैलजोडी विकली. दोन वर्षांनी ती पतसंस्था बुडाली आणि माझे पैसे गेले. भाऊ मला एका शब्दाने बोलला नाही. पण त्यानंतर आजतागायत त्याने माझ्याकडे काही मागितलेलं नाही, आणि हे मला त्या पैशांपेक्षा जास्त लागलंय. बुडालेले पैसे विसरता येतात.

म्हणून सांगतो, आजचा ओमर आज. मार्चचा मान्ना नोव्हेंबरात पडत नाही, आणि तू नोव्हेंबरात बसून मार्चची टोपली रिकामी का म्हणून रडतेस! आज घरात तांदूळ आहे का? आज बाबा डायलिसिसला पोहोचले का? मग आजचा ओमर मिळाला. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर आज मागायची आहे. तू रोज संध्याकाळी ती म्हणतेस, आणि उठून वर्षाच्या भाकरींचा हिशेब मांडतेस.

हिशेब करू नये असं मी म्हणत नाही. तू लगेच योसेफाचं नाव काढशील, माझा मुलगाही काढतो. योसेफाने मिसरात दुष्काळ येणार म्हणून सात वर्षं धान्य साठवलं, हे खरं. पण ते देवाने सांगितलं म्हणून, आणि लोकांना जगवायला. मान्नाचंही बघ. सहाव्या दिवशी दोन ओमर उचलायला सांगितलं होतं, ते शब्बाथापर्यंत, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवसापर्यंत, जसंच्या तसं राहिलं. पुढच्या पिढ्यांना दाखवायला एक ओमर पात्रात भरून ठेवला, त्यालाही कीड लागल्याचं लिहिलेलं नाही. कीड लागली ती भीतीने लपवलेल्याला. आपल्या कोकणातले यहुदी, बेने इस्राएल, तेलाचा धंदा करायचे आणि शनिवारी, त्यांच्या शब्बाथाला, घाणा बंद ठेवायचे. लोक त्यांना शनवार तेलीच म्हणत. हातावर पोट असताना दर आठवड्याला एका दिवसाची कमाई सोडून द्यायची, याला छातीत काहीतरी लागतं.

निवृत्तीच्या पैशातून मी पुतण्याचं शिक्षण केलं. भावाने मागितलं नव्हतं, मीच नेऊन दिले. मुलगा अजून चिडतो, "बाबा, म्हातारपणाला काय ठेवलंत?" पेन्शन येते, औषधं येतात, आम्ही दोघं जेवतो. मी बरोबर केलं. उद्या पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन, मग कुणी मला हट्टी म्हणो.

आणि रडतेस याची लाज वाटू देऊ नकोस. त्या रानात सगळे भुकेने कुरकुरत होते. मिसरातली मांसाची भांडी त्यांना आठवत होती. देवाने त्यांना संध्याकाळी लावे दिले आणि सकाळी भाकर. मला राग येतो तो तुझ्या हातपाय गाळून बसण्याचा. पुढे समुद्र आणि मागे फारोचे रथ असताना देवाने मोशेला विचारलं, माझा धावा का करतोस, लोकांना पुढे चालायला सांग. तीन आठवडे झाले, तू एकही अर्ज केलेला नाहीस. मान्ना आकाशातून पडला तरी पहाटे उठून तो वेचावा लागे, ऊन चढायच्या आत. कुणाच्या तोंडात तो पडला नाही. आजचा ओमर आज, पण उचलायचा आपल्या हाताने.

बुधवारी तुझा इंटरव्ह्यू आहे, असं तुझ्या आईकडून कळलं. "बाबांना कोण नेणार" म्हणून तू नाही कळवणार आहेस, हेही कळलं. कळवू नकोस. सकाळी सातला मी रिक्षा घेऊन येतो. चार तास त्यांच्याजवळ बसेन, वर्तमानपत्र वाचून दाखवेन. काकू डबा करून देणार आहे, तुझाही. ते वहीचं पान घरीच ठेव आणि फाइल घेऊन नीघ.

तुझा,
काका