डिस्क्रीट सममितीने लेप्टॉनांच्या वस्तुमानाचे कोडे सुटते का?

ए४ (चार वस्तूंच्या सम क्रमपालटांचा १२ घटकांचा गट) सारखी डिस्क्रीट, म्हणजे सलग न बदलता ठरावीक पायऱ्यांनीच बदलणारी, सममिती मानली की इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ या भारित लेप्टॉनांची वस्तुमाने इतकी वेगवेगळी का, हे समजते का, आणि २०१२ नंतर या विषयात पीएचडी करण्यात अर्थ उरला आहे का, असे आपण विचारले आहे.

पहिल्याचे उत्तर सरळ आहे: समजत नाही. मा आणि राजशेखरन यांच्या २००१ सालच्या रचनेत तिन्ही पिढ्यांची डावखुरी लेप्टॉन-द्विके (भारित लेप्टॉन आणि त्याचा न्यूट्रिनो यांच्या जोड्या) मिळून ए४ चे एक त्रिक होते आणि उजवे भारित लेप्टॉन तीन निरनिराळ्या एकमिती निरूपणांत जातात. त्यामुळे तीन स्वतंत्र युकावा स्थिरांक (कणाचे वस्तुमान ठरवणारे आकडे) शिल्लक राहतात आणि ०.५११, १०५.७ व १७७७ एमईव्ही ही वस्तुमाने त्यांत आपल्यालाच भरावे लागतात. सममितीकडून मिळतात ते मिश्रण-कोन, म्हणजे न्यूट्रिनोंचे प्रकार एकमेकांत किती मिसळतात हे सांगणारे थीटा-१२, थीटा-१३ यांसारखे कोन.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला गप्प बसवत नाही. मार्च २०१२ मध्ये दाया बे प्रयोगाने थीटा-१३ शून्य नसल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर लगेचच माझे व्याख्यान होते. ट्राय-बायमॅक्सिमल आव्यूह, म्हणजे थीटा-१३ शून्य मानणारा मिश्रणाचा साचा, मी फळ्यावर लिहीत होतो, तोच पहिल्या रांगेतील एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "उजव्या कोपऱ्यातले वरचे शून्य पुसा, आणि जमल्यास विषयही पुसून टाका." सभागृहात हशा पिकला. मी शून्य पुसले, पण विषय पुसला नाही, आणि माझ्या मते ते गृहस्थ तेव्हाही चूक होते व आजही चूक आहेत.

बाद झाला तो हॅरिसन, पर्किन्स आणि स्कॉट यांनी २००२ मध्ये मांडलेला हा एक साचा. न्यूट्रिनोंच्या बाजूला उरणाऱ्या दोन झेड२ (दोनच घटकांच्या) सममितींपैकी एकच राखली, तर आव्यूहाचा एक स्तंभ जसाच्या तसा टिकतो आणि थीटा-१३ ला मोकळीक मिळते. दुसरा स्तंभ टिकला, आणि ए४ मधून सहज हाती येतो तो हाच, तर थीटा-१२ च्या साइनचा वर्ग ०.३४१ यावा लागतो. पहिला टिकला तर ०.३१८, आणि त्यासाठी २४ घटकांचा एस४ हा गट सोयीचा पडतो. मोजलेले मूल्य ०.३०७ च्या आसपास आहे. म्हणजे ए४ ची ही सोपी आवृत्ती अडचणीत आहे आणि एस४ ची अजून तग धरून आहे. चीनमधील जूनो प्रयोग हाच कोन अधिकाधिक काटेकोरपणे मोजणार असल्याने तिचाही निकाल लागेल. ज्या विषयातील भाकिते अशी एकेक करून तपासून फेटाळता येतात, त्याला मेलेला म्हणणाऱ्या मार्गदर्शकाकडे आपण जाऊ नये.

एवढे मात्र खरे, की निर्वात-अवस्थेची (सममिती मोडणाऱ्या क्षेत्रांच्या किमान-ऊर्जा मूल्यांची) योग्य दिशा साधण्यासाठी या प्रतिमानांत इतकी जादा क्षेत्रे घालावी लागतात की टीकाकारांना हसायला जागा मिळते. शिवाय अखंड सममिती मोडल्यावर येणारे गोल्डस्टोन बोसॉन हे वस्तुमानहीन कण इथे टळत असले, तरी डिस्क्रीट सममिती आपोआप मोडली की विश्वात डोमेन वॉल (वेगवेगळ्या निर्वात-अवस्थांच्या प्रदेशांमधील ऊर्जेच्या भिंती) उभ्या राहतात. त्यांची विल्हेवाट कशी लावणार, हे प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात लिहावे, कारण तोंडी परीक्षेत ते विचारले जातेच.