शहर आधी की गाडी आधी?

प्रश्न: आम्ही २०२१ ला तळोज्यात राहायला आलो. तेव्हा मेट्रो नव्हती, बस कधी यायची कधी नाही, शेवटी दोन स्कूटर घेतल्या. आता मेट्रो आली तरी घरात कुणी ती धरत नाही, फक्त सासूबाई म्हणतात मला घेऊन चला, पण स्टेशनपर्यंतचा रस्ता त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. नवी मुंबई तर प्लॅन करून वसवली ना, मग वाहतुकीचं आधी का नाही बघितलं?
– एक वाचक, तळोजा

उत्तर: ताई, बघितलं होतं हो, प्लॅन चांगलाच होता. १९६५ च्या सुमारास वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि इंजिनियर शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर सुचवलं, पुढे आराखडा झाला तो रेल्वेच्या दोऱ्यात मणी ओवावेत तसा, एकेक नोड, म्हणजे शहराचा एकेक भाग, आणि त्याचं स्टेशन. १९७० ला हे शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, १९७३ ला वाशीचा खाडीपूल झाला, पण लोकल वाशीला पोचली १९९२ ला, तीही सिडकोने ६७ टक्के खर्च उचलला तेव्हा! म्हणजे पूल झाल्यावर १९ वर्षं लोक बस आणि स्वतःच्या गाडीवर. मेट्रोचंही तेच, काम २०११ ला सुरू आणि बेलापूर ते पेंधर ११ किलोमीटर धावायला उजाडला नोव्हेंबर २०२३. तोवर तुमच्यासारख्यांनी स्कूटर घेतलेली असते, हप्ते चालू असतात, मग ती सोडणार कोण? माझ्या मनाला सगळ्यात जास्त हेच लागतं.

ब्राझीलच्या कुरितिबाकडे मेट्रोएवढे पैसे नव्हते, त्यांनी १९७४ पासून मोठ्या रस्त्यांच्या मधोमध फक्त बससाठी लेन राखल्या आणि उंच इमारतींना परवानगी त्याच रस्त्यांलगत दिली, त्यामुळे वस्ती वाढली ती बसच्या कडेनेच. आपल्याकडे नव्या नोडला पहिल्या चाव्या दिल्या त्या दिवसापासून दर दहा मिनिटांनी बस हवी, रिकामी धावली तरी चालेल, मेट्रो मागून येऊ दे.

आता तुमच्या हातातलं सांगतो. एका रविवारी सासूबाईंना घेऊन सावकाश स्टेशनपर्यंत चालत जा, त्या जिथे थांबतील, जिथे फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरावं लागेल, तिथला फोटो काढा आणि सोसायटीच्या लेटरहेडवर वॉर्ड ऑफिसला द्या, पोच घ्यायला विसरू नका.