खाट उचलणारे चौघे आधी गोळा करा

ताई, जय ख्रिस्त. तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि नंतर झोप लागली नाही, म्हणून पहाटेच लिहायला बसले.

तुम्ही नाशिकलाच, जेलरोडला राहता. मिस्टरांचं डायलिसिस दोन महिन्यांपासून आठवड्यातून तीनदा सुरू आहे. मुलं आठ आणि पाच वर्षांची. सुरुवातीला चर्चच्या मंडळीतली सगळी घरी येऊन गेली, आता फोनसुद्धा येत नाहीत. नणंद म्हणते, विश्वास कमी पडतोय, मशीन सोडा आणि चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेला चला. आणि तुम्हाला स्वतःला प्रार्थना करता येत नाही, गुडघे टेकले की शब्दच फुटत नाहीत. हे पाप आहे का, असं विचारलंय तुम्ही.

माझे मिस्टर सातपूरला कंपनीत होते. सहा वर्षं डायलिसिसवर काढली त्यांनी. चार वर्षांपूर्वी प्रभूकडे गेले. त्या सहा वर्षांत जे कळलं तेवढंच सांगते.

आधी नणंदेचं, कारण ते थांबणारं नाही. डायलिसिसची एकही पाळी चुकवू नका. आमच्याकडे तिसऱ्या वर्षी हे घडलं. एका नातेवाइकांच्या आग्रहाने हे एका सभेला गेले. तिथे सांगितलं गेलं की ज्याचा खरा विश्वास आहे त्याला यंत्र लागत नाही. यांनी गुरुवारची पाळी सोडली. मी अडवलं नाही, ते माझ्या मनावर अजून आहे. शनिवारी पहाटे यांना आडवं होता येईना. उशीला टेकून बसले, श्वास पुरेना. किडनी काम करत नाही तेव्हा प्यालेलं पाणी अंगात साठतं आणि फुप्फुसात उतरतं. रक्तात पोटॅशियम चढलं तर हृदयाचा ठोका चुकतो, आणि तो पुन्हा लागेलच असं नाही. ॲम्ब्युलन्समध्ये माझ्याशेजारी आमचे पाळकसाहेब बसले होते. त्यांनी कुणालाच दोष दिला नाही. एवढंच म्हणाले की मशीन लावणाऱ्या त्या मुलीच्या हातांसाठी मी रोज उपकारस्तुती करतो, तुम्हीही करा. नणंदेशी वाद घालू नका. प्रार्थना करायला तिला घरी बोलवा, तेल लावून प्रार्थना करू द्या, मनापासून आमेन म्हणा. फक्त पाळीच्या दिवशी गाडी सेंटरलाच जाईल. आणि कुणाच्या पापाचं फळ हा प्रश्न निघाला तर बायबलमधला योहानाचा नववा अध्याय दाखवा. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं होतं, आणि प्रभूने ना त्याच्यावर दोष ठेवला ना त्याच्या आईबापांवर.

आता तुमचा प्रश्न. नाही, ते पाप नाही. मला जवळजवळ वर्षभर प्रार्थना करता आली नाही. उपासनेत उभी राहायचे, गीत सुरू व्हायचं आणि माझा घसा बंद व्हायचा. दोन्ही बाजूंच्या बायका गायच्या, मी नुसती पुस्तक धरून उभी. त्या काळात मार्काचा दुसरा अध्याय मला नव्याने वाचता आला. कफर्णहूमात चौघे जण एका पक्षघाती माणसाला खाटेवर घेऊन येतात, गर्दीमुळे आत शिरता येत नाही म्हणून छप्पर उघडतात आणि खाट खाली सोडतात. तिथे लिहिलंय की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. त्यांचा, म्हणजे वाहून आणणाऱ्यांचा. खाटेवरच्या माणसाने तोवर एक शब्दही उच्चारलेला नाही. लहानपणापासून ऐकलेला उतारा, पण हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. ताई, सध्या तुम्ही दोघंही त्या खाटेवर आहात. तुमच्या वाटची प्रार्थना मंडळीत कुणीतरी करतंय, ती तुमच्याच नावावर जमा होते. आणि काही वाचावंसं वाटलंच तर स्तोत्र ८८ वाचा. बहुतेक विलापांच्या शेवटी स्तुती येते, हे स्तोत्र मात्र अंधाराच्या शब्दावर संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ते वाचलं आणि मला पहिल्यांदा मोठ्याने रडता आलं.

वाहून नेण्यावरून आणखी एक सांगते, कारण ही गोष्ट आपल्याच गावची आहे. मी शरणपूर रोडला राहते. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात वसवलेल्या शरणपूरच्या वस्तीत गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं वाढली, शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणारे मिशनरी आणि शोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या तांड्यात गेला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले, तेव्हा सोबतच्या माणसांनी त्यांचा देह कित्येक महिने पायी चालून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. जेकब त्यांच्यात होता, आणि इथे नाशिकला शिकलेले आणखी काही जणही. आमच्या तरुण संघातल्या एका मुलाने हे यांना डायलिसिसच्या खुर्चीशेजारी बसून सांगितलं. हे हसून म्हणाले, मग मला आपल्या द्वारका सर्कलच्या सेंटरपर्यंत न्यायला काय हरकत आहे? पुढच्या आठवड्यापासून तो मुलगा दर शनिवारी यायला लागला.

आता तुमच्या मंडळीबद्दल. लोक वाईट नाहीत. पहिल्या पंधरा दिवसांत पन्नास माणसं येतात, कारण त्यांना वाटतं की हे दुखणं एकतर बरं होईल नाहीतर संपेल. डायलिसिस दोन्हीपैकी काहीच करत नाही, ते नुसतं चालू राहतं. आठवड्याला तीन पाळ्या, एकेक साधारण चार तासांची, वर जाणंयेणं. तिसऱ्या महिन्यात काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं. ‘काही लागलं तर सांगा’ असं सगळे म्हणतात आणि आपण कधीच सांगत नाही. मीही सांगत नव्हते. लाज वाटायची. शेवटी महिला मंडळातल्या एका वयस्कर बाईंनी मला फैलावर घेतलं. म्हणाल्या, लग्नात ‘आजारात आणि आरोग्यात’ असं वचन दिलंस तेव्हा आम्ही साक्षीला उभ्या होतो ना, मग आता एकटीच का ओढतेस? याकोबाच्या पत्रातही आजाऱ्यानेच मंडळीच्या वडिलांना बोलवावं असं आहे. म्हणजे पहिला निरोप आपल्याकडून जायला हवा.

त्यांनीच एक वही केली. त्या वहीने आमचं घर तगलं असं मी आजही म्हणते. त्यात ‘मदत’ असा शब्दच नव्हता, नुसती कामं होती. मंगळवारी न्यायला कोण, आणायला कोण. गुरुवारी शाळेतून मुलीला कोण घेईल. शनिवारी चार तास शेजारी कोण बसेल, म्हणजे मला बाजार आणि धुणं उरकता येईल. बहुतेकांना महिन्यातून एकच पाळी, त्यामुळे कुणी थकलं नाही. समोरच्या ब्लॉकमधल्या काकू देवीच्या भक्त, त्यांनी आपणहून बुधवारची पोळी-भाजी धरली. रिक्षावाले भाई रमजानचे रोजे असतानाही यांना सेंटरला सोडायचे. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला कशी सगळ्या धर्मांची माणसं येतात, तशीच ती वही होती. तुमच्याकडे अशी वही धरणारी व्यक्ती शोधा. ती तुम्ही नसावी, हे महत्त्वाचं. पाळकांकडे जा आणि सांगा, ‘मला वही सांभाळणारं माणूस द्या.’ एवढंच मागा.

खाण्याचं मात्र आधीच सगळ्यांना कळवा, नाहीतर प्रेमानेच अपाय होतो. आजाऱ्याकडे जायचं म्हणून लोक शहाळं आणि केळी घेऊन येतात, आणि या दोन्हींत पोटॅशियम भरपूर. द्राक्षांच्या हंगामात तर आमच्याकडे पेट्या यायच्या. किती खायची ते आहारतज्ज्ञांना विचारायचे आणि बाकीची वाटून टाकायचे. लोणचं, पापड बंद. ‘कमी सोडियम’ लिहिलेलं मीठ कुणी आणलं तर वापरू नका, त्यात बहुधा पोटॅशियमच असतं. पाणी मोजून प्यायचं असतं, आणि एप्रिलच्या उन्हात तहान सोसणं म्हणजे काय ते तुम्ही पाहणारच आहात. आम्ही सकाळीच दिवसाचं पाणी एका बाटलीत भरून ठेवायचो आणि छोट्या कपाने प्यायला द्यायचो. फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी ऑपरेशनने जोडलेली रक्तवाहिनी, केलेल्या हातावर बीपी नाही, सुई नाही, पिशवीही लटकवू नका. तिथली थरथर रोज बोटाने तपासा. ती थांबली तर त्याच तासाला सेंटरला फोन करा.

पाळीच्या दिवशी संध्याकाळी भेटायला कुणी नको. माणूस पार गळून गेलेला असतो. आमच्याकडे दहा जण यायचे, तासभर गीतं व्हायची, आणि हे डोळे मिटून बसायचे. भक्तीने नव्हे, थकव्याने. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री न बोलता नुसते जमिनीवर बसून राहिले, तिथवर ते चांगले मित्र होते. येणाऱ्यांना हे प्रेमाने सांगा. आणि चर्चमध्ये मिस्टरांच्या तब्येतीची घोषणा करायची तर आधी त्यांना विचारा. यांना ते आवडायचं नाही. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या तपासणीतला आकडा, किती आहे हे सगळ्या मंडळीला कळायला नको, असं म्हणायचे. मग नुसतं नाव घ्यायचं ठरलं.

पैशांचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या रुग्णालयात रुग्णांना मदत करणारा आरोग्यमित्र असतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार घेऊन भेटा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, तेही विचारा. मंडळीच्या निधीतून मिळालं तर संकोच न करता घ्या. पण आधी योजना, मग निधी. निधी लहान असतो आणि तुम्हाला लांबचं बघायचंय. किडनी प्रत्यारोपणाचं डॉक्टरांशी आत्ताच बोला. किडनी द्यायला कायद्याने पती-पत्नी जवळचे नातेवाईक धरले जातात. आमचं ते जमलं नाही, तपासणीत मला मधुमेह निघाला. तुमची तपासणी तरी होऊ द्या.

मुलांपासून लपवू नका. आमच्या मुलीने तिच्या संडे स्कूलच्या टीचरला विचारलं होतं, ‘पप्पा मरणार का?’ टीचरनी तिला खोटं सांगितलं नाही, आणि आधी मला फोन केला. रात्री आम्ही तिघं बसलो, यांनी स्वतः मशीन कसं चालतं ते कागदावर काढून दाखवलं. तो कागद तिने अजून जपून ठेवलाय.

तुमच्या मिस्टरांच्या पाळ्या कोणत्या वारी आहेत ते लिहिलेलं नाही. गुरुवार असेल तर मी दुपारी मोकळी असते. सेंटर कुठलं ते मेसेज करा. चार तास त्या खुर्चीशेजारी बसायची मला सवय आहे. मी येते, तुम्ही त्या वेळेत मुलांना शाळेतून घ्या आणि जरा पाठ टेका.