ओझे सुटले, आता काम कोणते?

प्रश्न : कुर्ल्याच्या गोदामात पंधरा वर्षे माल चढवला-उतरवला. गोणी उचलताना कमरेत चमक भरली, मणक्यातली गादी सरकली, ऑपरेशन झाले. डॉक्टर म्हणतात, पाच किलोच्या वर उचलायचे नाही. दहावी पास आहे, पगारातून ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापला जायचा. सगळे म्हणतात, वॉचमन हो नाहीतर रिक्षा चालव. – एक वाचक, भांडुप

उत्तर : दोन्ही सल्ले तूर्त बाजूला ठेवा. रिक्षाची थरथर आणि खड्ड्यांचे हादरे थेट मणक्यावर येतात. वॉचमनची पाळी बऱ्याच ठिकाणी बारा तासांची, आणि खुर्ची मिळालीच तर पाठ खचलेली प्लॅस्टिकची. बसून काम म्हणजे हलके काम, हाही गैरसमजच. पुढे वाकून बसलात तर गादीवर उभ्यापेक्षा जास्त दाब येतो.

आधी आठवडाभर वहीत नोंद करा : सलग किती मिनिटे बसल्यावर पायाला मुंग्या येतात, किती वेळ उभे राहवते, किती चालवते. पंचवीस मिनिटे बसवत असेल, तर वीस मिनिटांनी उठू देणारे काम हवे. वही घेऊन केईएम, नायर किंवा सायन रुग्णालयाच्या ऑक्युपेशनल थेरपी विभागात जा, रोजची कामे आणि नोकरी शरीराला कशी झेपेल ते तिथे बघतात. (फिजिओथेरपीचा विभाग वेगळा, केसपेपर काढतानाच सांगा.) डॉक्टरांच्या चिठ्ठीत नुसते 'जड काम नको' असेल, तर मालक बिचकतो. 'पाच किलोपर्यंत उचलू शकतात, जमिनीवरून वाकून नको, दर वीस मिनिटांनी उभे राहू द्यावे' असे लिहून घ्या.

तुमची पुंजी गोदामातच आहे. चलन, गेटपास, आवक-जावक, कोणत्या गाडीत किती नग बसतात, हे कॉलेजातून आलेल्या पोराला ठाऊक नसते. उणीव संगणकाची. एमएस-सीआयटी करा, मग टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली स्टॉकची नोंद आणि ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना) शिका. डिस्पॅच किंवा स्टोअरच्या कारकुनीला एवढ्यावर उभे राहता येते. मात्र मुलाखतीत एक विचाराच : हमाल आला नाही तर खोके कोण उचलतो? छोट्या गोदामात उत्तर 'कारकून' असते. नोकरी शक्यतो ठाण्याच्या पुढे बघा. सकाळी गर्दीच्या उलट दिशेची लोकल मिळेल. सीएसएमटीकडच्या गाडीत लोंबकळून गेलात, तर कामाआधीच कंबर धरेल.

चुनाभट्टीला एटीआय (केंद्र सरकारची प्रशिक्षण संस्था, आताचे नाव एनएसटीआय) हिच्या आवारात दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचे नॅशनल करिअर सर्व्हिस सेंटर आहे. कोणते काम झेपेल याची तपासणी तिथे होते.

आता कागद. अपघात कामावर झाला, म्हणून ईएसआयकडे अपघाताची नोंद गेली आहे का ते पाहा. ती होईपर्यंत राजीनाम्यावर सही नको. ईएसआयचे मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवते. युडीआयडी कार्डावरचे (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावरचे) टक्के शरीराच्या अपंगत्वाचे. दोन्ही आकडे वेगळे, एकावरून दुसरा मिळत नाही, आणि इथेच लोक वर्ष घालवतात. नोकरीतल्या आरक्षणासाठी युडीआयडीवरचे किमान ४० टक्के लागतात. नुसत्या एमआरआयवर टक्के पडत नाहीत. ताकद, संवेदना, हालचाल तपासली जाते. ईएसआयचा कायम अपंगत्वाचा लाभ मंजूर झाला, तर नवी नोकरी लागल्यावरही तो चालू राहतो. तात्पुरता लाभ मात्र कामावर जाऊन पगार घेतलेल्या दिवसाचा मिळत नाही.

प्रश्न : आमचे हे सरकारी खात्यात शिपाई. मणक्याच्या ऑपरेशननंतर साहेब म्हणतात, स्वेच्छानिवृत्ती घ्या. घ्यावी का? – एक वाचक, लालबाग

उत्तर : घेऊ नका. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावरही टाकता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद. तसे पद रिकामे नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पद, म्हणजे त्यांच्यासाठी जादा निर्माण केलेले पद. खासगी नोकरीला हे कलम लागू नाही. अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढून अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. तोंडी बोलणे फाइलमध्ये लागत नाही.