वाचकांचे प्रश्न : सिरियल पोर्टवरचे इंटरनेट आणि आवृत्ती बदलण्याची वेळ

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली. सिरियल पोर्टवरून, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या साध्या तारेवरून, इंटरनेट चालवणारे सॉफ्टवेअर अद्ययावत कसे करावे, हा तो विषय. घरोघरी फायबर आल्यावर हा प्रश्न संपला असे अनेकांना वाटते. पण शीतगृहे, पंपघरे आणि हवामान नोंदवणारी यंत्रे यांच्यामागे आजही एक मोडेम आणि एक सिरियल तार असते, म्हणून उत्तरे जरा सविस्तर देत आहे.

प्रश्न : आमच्या कंपनीने शिवडी, तुर्भे आणि भिवंडी येथील शीतगृहांत तापमान नोंदवणारे छोटे लिनक्स संगणक बसवले आहेत. सिरियल पोर्टला जोडलेला, मोबाइल नेटवर्कवर चालणारा जीएसएम मोडेम आणि तारेवरून पीपीपी नावाच्या पद्धतीने इंटरनेट चालवणारा पीपीपीडी हा प्रोग्रॅम यांच्यावर गेली सहा वर्षे काम बिनबोभाट चालले आहे. आता आमचे साहेब म्हणतात की सगळे सॉफ्टवेअर अद्ययावत करा. चालत्या गाड्याला खीळ का घालायची, असे मला वाटते. करायचेच असेल तर ते विक्रोळीच्या कार्यालयात बसून करता येईल का? (एक वाचक, विक्रोळी)

उत्तर : आपली भीती रास्त आहे, पण या बाबतीत आपल्या साहेबांचेच म्हणणे मी उचलून धरीन. पीपीपीडीच्या 2.4.2 पासून 2.4.8 पर्यंतच्या आवृत्त्यांत एक गंभीर दोष होता आणि तो 2020 मध्ये उघड झाला. ओळख पटवण्याच्या ईएपी नावाच्या पद्धतीत समोरच्या बाजूकडून जे नाव येते, ते 256 बाइटांच्या जागेत मावते की नाही हे तपासणारी अटच चुकीची लिहिली गेली होती. त्यामुळे मुद्दाम लांबलचक नाव पाठवून कोणालाही या प्रोग्रॅममध्ये शिरता येत होते, आणि पीपीपीडी रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालत असल्यामुळे पुढे सगळा संगणकच हाती लागत होता. ‘आम्ही ईएपी वापरतच नाही’ एवढ्याने या दोषातून सुटका नव्हती, कारण न मागता पाठवलेले ईएपीचे पॅकेटही तो प्रोग्रॅम वाचत असे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जीएसएम मोडेमच्या जोडणीत पीपीपीचे संभाषण बहुधा संगणक आणि मोडेम यांच्यातच संपते, टॉवरपर्यंत जात नाही. त्यामुळे या एका दोषाचा धोका आपल्याला त्यामानाने कमी आहे. केबलवाल्याकडून घेतलेल्या ब्रॉडबँडमध्ये राउटर जे ‘डायल’ करतो तेही पीपीपीच असते, आणि तेथे धोका अधिक होता. आपल्या संगणकांची खरी काळजी वाटते ती सहा वर्षे न बदललेल्या बाकीच्या सॉफ्टवेअरची. 30 सप्टेंबर 2021 रोजी, सर्व्हर खरा आहे की नाही हे ओळखण्यासाठी लागणाऱ्या एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा जगभरातील कित्येक जुनी उपकरणे सुस्थितीत असूनही आपापल्या सर्व्हरशी बोलेनाशी झाली. न बदलणे हासुद्धा एक निर्णयच असतो आणि त्याची किंमत अशी अचानक मोजावी लागते.

आवृत्तीचा आकडा पाहून मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. डेबियनसारख्या लिनक्सच्या वितरणांनी हा दोष जुन्याच आवृत्तीत दुरुस्त करून दिला आहे, आकडा 2.4.7 दिसत असला तरी आत दुरुस्ती झालेली असू शकते, म्हणून पॅकेजबरोबर येणारी बदलांची नोंद उघडून पाहावी. 2023 मध्ये आलेल्या 2.5.0 या आवृत्तीवर जायचे असेल आणि आपण पीपीपीडीला एखादे प्लगइन जोडले असेल, तर ते नव्या आवृत्तीसाठी पुन्हा बांधून घ्यावे लागेल. प्लगइन कोणत्या आवृत्तीसाठी बांधले आहे हे पीपीपीडी सुरुवातीलाच तपासतो आणि जुळले नाही तर पुढे जातच नाही.

आता विक्रोळीत बसून हे करण्याविषयी. ज्या तारेवरून आपण त्या संगणकापर्यंत पोहोचता, तीच तार चालवणारा प्रोग्रॅम आपण बदलणार आहात. म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवण्याचा हा प्रकार आहे. यातला सर्वांत फसवा भाग मी स्वतः अनुभवला आहे. पनवेलजवळच्या एका संगणकावर मी दादरहून पीपीपीडीची नवी आवृत्ती बसवली. कोणतीही त्रुटी आली नाही, जोडणी क्षणभरही तुटली नाही आणि मी काम झाले असे कळवून टाकले. एकोणीस दिवसांनी तेथील वीज गेली, संगणक पुन्हा सुरू झाला आणि जोडणी काही आलीच नाही. भर जुलैच्या पावसात तेथे जाऊन लॉग उघडला, तेव्हा त्यात समोरच्या बाजूने आपली ओळख पटवणे आवश्यक आहे आणि त्यासाठीचा पासवर्ड सापडत नाही, अशा अर्थाची ओळ पुन:पुन्हा उमटलेली होती. पॅकेज बसवताना पीपीपीडीचे पर्याय लिहिलेली जुनी ‘ऑप्शन्स’ फाइल ठेवू की नवी घेऊ, या प्रश्नाला मी ‘नवी’ असे उत्तर दिले होते. नव्या फाइलीत समोरच्या बाजूने ओळख पटवलीच पाहिजे असे सांगणारा ‘ऑथ’ हा शब्द होता आणि आमच्या जुन्या फाइलीत हाताने लिहिलेला ‘नोऑथ’ त्यात पुसला गेला होता.

मग एकोणीस दिवस सगळे सुरळीत कसे चालले? लिनक्समध्ये चालू असलेला प्रोग्रॅम स्मृतीत जसाच्या तसा राहतो. डिस्कवरची त्याची फाइल बदलली तरी चालू प्रक्रियेला त्याचा पत्ता नसतो. म्हणजे त्या एकोणीस दिवसांत जुनाच पीपीपीडी जुन्याच पर्यायांनिशी काम करत होता. नव्या आवृत्तीची परीक्षा जोडणी तोडून पुन्हा डायल केल्यावरच होते आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलला असेल तर संगणक बंद करून सुरू केल्यावर. ही परीक्षा आपण ठरवलेल्या वेळी, कोणीतरी तेथे उभे असताना घेतली पाहिजे.

म्हणून माझा सल्ला असा की तीनपैकी पहिला संगणक प्रत्यक्ष शिवडीला जाऊन, कीबोर्ड आणि पडदा जोडून बदलावा. विक्रोळीहून ते काही लांब नाही. तो आठवडाभर नीट चालला आणि मुद्दाम दोनदा बंद-चालू करूनही जोडणी आपोआप परत आली, की मगच उरलेले दोन दूरवरून हाती घ्यावेत. तेव्हाही आधी पॅकेजेस फक्त उतरवून घ्यावीत आणि ती संगणकावर पूर्ण आल्यावरच बसवायला सुरुवात करावी. जीपीआरएसवर, म्हणजे मोबाइलच्या जुन्या संथ डेटा सेवेवर, सेकंदाला 40 किलोबिट मिळाले तरी एक मेगाबाइट यायला तीन मिनिटांहून अधिक लागतात, आणि अर्ध्यावर तुटलेली जोडणी अर्धवट बसलेले पॅकेज मागे ठेवते. ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’ यांच्या आत काम केले तर आपले लॉगिन तुटले तरी पलीकडचे काम सुरू राहते. पीपीपीच्या संपूर्ण फोल्डरची प्रत काढावी, जुन्या आवृत्तीचे पॅकेज त्याच संगणकावर जपून ठेवावे आणि एक छोटी स्क्रिप्ट अशी लावावी की वीस मिनिटांत आपण आत येऊन ती रद्द केली नाही, तर ती जुने पॅकेज आणि जुने फोल्डर परत बसवून पुन्हा डायल करील. पीपीपीडीच्या पर्यायांत, जोडणी तुटली की पुन्हा प्रयत्न करायला सांगणारे ‘पर्सिस्ट’ असावे आणि अपयशांची मर्यादा ठरवणारे ‘मॅक्सफेल’ शून्य, म्हणजे अमर्याद, असावे. मुळात ही मर्यादा दहा असते आणि लागोपाठ दहा वेळा अपयश आले की प्रोग्रॅम प्रयत्न सोडून देतो. हे शब्द मी येथे देवनागरीत लिहिले आहेत, फाइलीत ते रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहायचे आहेत.

प्रश्न : माझ्या प्रकल्पात रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि मोबाइल इंटरनेटचा यूएसबी डोंगल आहे. मागच्या आठवड्यात संपूर्ण प्रणाली अद्ययावत केल्यापासून डोंगल ‘कनेक्ट’ म्हणतो, पण त्यानंतर लॉगमध्ये एलसीपीची एकच विनंती दहा वेळा दिसते आणि शेवटी ‘टाइमआउट’ येते. पासवर्ड तपासला, तो बरोबर आहे. (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, माटुंगा)

उत्तर : पासवर्डपर्यंत गोष्ट गेलेलीच नाही, म्हणून तो तपासून उपयोग होणार नाही. पीपीपीत आधी दोन्ही बाजू तारेविषयी बोलतात, त्याला एलसीपी म्हणतात; मग ओळख पटते, आणि त्यानंतर आयपीसीपी या टप्प्यात इंटरनेटवरचा पत्ता मिळतो. आपला पीपीपीडी तीन-तीन सेकंदांच्या अंतराने दहा वेळा ‘बोलू या का’ असे विचारतो आहे आणि समोरून एकही उत्तर येत नाही, एवढेच ती नोंद सांगते.

उत्तर का येत नाही हे डोळ्यांनी पाहता येते. पीपीपीडी बाजूला ठेवून, सिरियल पोर्टवर थेट टाइप करू देणाऱ्या ‘मिनिकॉम’ या प्रोग्रॅममधून त्याच पोर्टवर स्वतः डायल करा. ‘कनेक्ट’नंतर पडद्यावर ~ आणि } या खुणा मिसळलेली निरर्थक वाटणारी अक्षरे उमटू लागली, तर आनंद माना, कारण तीच पीपीपीची भाषा आहे : ~ म्हणजे 126 हा बाइट, जो प्रत्येक चौकटीच्या, म्हणजे एकत्र पाठवलेल्या बाइटांच्या गटाच्या, सीमेवर असतो, आणि } म्हणजे 125, जो पुढचा बाइट बदलून पाठवला आहे असे सांगतो. काही डोंगल आपण बोलेपर्यंत गप्प राहतात, तेव्हा काहीच न दिसणे हा दोषाचा पुरावा नव्हे. आपण टाइप केलेलेच परत दिसू लागले, तर मात्र समोर पीपीपी नसून आपलाच आवाज परतून येत आहे. पीपीपीडीही प्रत्येक विनंतीबरोबर एक यादृच्छिक ‘मॅजिक’ अंक पाठवून हाच घोटाळा ओळखतो आणि ‘लूप्ड बॅक’ अशी नोंद करतो.

आपल्या बाबतीत, अद्ययावत केल्यापासूनच बिघाड सुरू झाला असल्यामुळे, मला दोन गोष्टींचा संशय आहे. पहिली, नव्या पॅकेजांबरोबर मोडेम-मॅनेजर हा प्रोग्रॅम आला असावा. तो नव्या सिरियल पोर्टवर स्वतःहून एटी आज्ञा, म्हणजे मोडेमला द्यायच्या सूचना, पाठवून चाचपणी करतो, आणि एकाच पोर्टवर दोघे बोलू लागले की कोणाचेच कोणाला समजत नाही. तो थांबवून पाहा. दुसरी, एक डोंगल अनेक सिरियल पोर्ट दाखवतो आणि कर्नल बदलल्यावर त्यांचे क्रमांक पुढेमागे होतात. काल ज्या क्रमांकावर डेटा मिळत होता तेथे आज केवळ निदानाचे पोर्ट असू शकते. क्रमांकाऐवजी ‘बाय-आयडी’ फोल्डरमधले कायम नाव वापरा, म्हणजे पुढच्या वेळी हा त्रास होणार नाही. लॉगमध्ये ‘आठ-बिट शुद्ध नाही’ अशा अर्थाची ओळ असेल तर तेवढी मला कळवा. मग कारण वेगळे असेल.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवरून घेतलेली यूएसबी-सिरियल तार विंडोज अपडेटनंतर बंद पडली. तीच तार जुन्या लॅपटॉपवर चालते. दुकानदार म्हणतो, माल चांगला आहे. (एक वाचक, कुर्ला)

उत्तर : तारेतली चिप नकली असण्याची शक्यता मोठी आहे. ऑक्टोबर 2014 मध्ये अशा चिपा बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळख-क्रमांक शून्य करून टाकला होता आणि त्या तारा मग दुसऱ्या संगणकांवरही ओळखल्या जाईनाशा झाल्या. आरडाओरडा झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. प्रॉलिफिक या दुसऱ्या चिप-कंपनीचे नवे ड्रायव्हर जुन्या किंवा नकली चिपांना ‘कोड 10’ दाखवून नाकारतात, आणि आपली तार जुन्या लॅपटॉपवर चालते यावरून हेच झाले असावे. जुना ड्रायव्हर शोधत बसण्यापेक्षा दुकानात चिपचे नाव विचारून सीएच-340 किंवा सीपी-2102 असलेली तार घ्या. ज्या तारेवर दूरचा संगणक अवलंबून आहे, तेथे पन्नास-शंभर रुपये वाचवू नयेत.

प्रश्न : 1996 मध्ये माझ्याकडे व्हीएसएनएलचे शेल अकाउंट होते, तेव्हापासून स्लिप आणि पीपीपी ही तारेवरून इंटरनेट चालवण्याच्या पद्धतींची नावे ओळखीची आहेत. आता दोन जुने संगणक नल-मोडेम तारेने, म्हणजे मध्ये मोडेम न ठेवता थेट, जोडून नातवाला इंटरनेट कसे चालते ते दाखवायचे आहे. स्लिप अधिक सोपे आहे, ते वापरू का? (निवृत्त वाचक, गिरगाव)

उत्तर : शिकवण्यासाठी स्लिप अवश्य वापरा. 15 ऑगस्ट 1995 रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले तेव्हा स्लिपचे लिखित वर्णन प्रसिद्ध होऊन सात वर्षे झाली होती. 1988 सालचे ते वर्णन अवघ्या काही पानांचे आहे. पॅकेट संपले की 192 हा बाइट पाठवायचा, आणि तोच बाइट किंवा 219 हा बाइट मजकुरात आला तर 219 पासून सुरू होणारी जोडी पाठवायची, एवढाच त्याचा नियम असल्यामुळे नातवाला तो अर्ध्या तासात कागदावर मांडून दाखवता येईल. लिनक्सच्या कर्नलमध्ये स्लिप आजही आहे.

त्यात नाही ते असे : बिघडलेला बाइट ओळखण्याची सोय नाही, पत्ता ठरवण्याची सोय नाही, पासवर्ड नाही. पत्ते दोन्हीकडे हाताने लिहावे लागतात, आणि तारेत गडबड झाली तर ती वरच्या थरातील टीसीपीच्या तपासणीत कळते. 1994 मध्ये प्रमाणित झालेल्या पीपीपीत प्रत्येक चौकटीच्या शेवटी तपासणीचे दोन बाइट असतात. तेव्हा खेळ दाखवून झाला की कामासाठी पीपीपीच ठेवा.

दोन्ही संगणकांवर सिरियल पोर्ट चालवणारी 16550-ए चिप आहे का ते आधी पाहा; तिच्यात 16 बाइटांची साठवण असते, त्याआधीच्या 8250 मध्ये फक्त एकाच बाइटाची जागा असल्यामुळे वेग वाढवला की अक्षरे गळतात. सेकंदाला 115200 बिटांचा वेग चालला तर 1500 बाइटांचे पॅकेट जायला सेकंदाचा सुमारे आठवा भाग लागतो. 9600 वर त्यालाच दीड सेकंदाहून अधिक लागतो आणि टाइप केलेले अक्षर तोवर रांगेत अडकते. जुना संगणक त्याच वेगावर अडला तर पॅकेटची मर्यादा 296 बाइट करा. मग टेलनेटमध्ये, म्हणजे दूरच्या संगणकावर टाइप करू देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, अक्षर उमटायला जो वेळ लागेल, तो नातवाला सहन होईल इतका असेल.